आईची तीन चाकं

३ मार्च

ठकू,

आशीर्वाद तर आहेतच, पण आधी कामाचं. तीन चाकांची मोटरसायकल वळणावर उलटते का? उलटत असेल तर ती उलटू नये म्हणून चालवणाऱ्यानं काय करायचं? गाड्या चालवून तपासणं आणि लोकांना चालवायला शिकवणं हेच तुझं रोजचं काम, म्हणून तुला विचारतो. आपल्या शेजाऱ्यांनी तसली एक गाडी घेतली आहे. पुढे एक चाक, मागे दोन. माणूस भला आहे, त्याला काही होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

फोन का केला नाही, ते तुला कळेलच. फोनवर मला मोठ्यानं बोलावं लागतं आणि दुकानाच्या मागच्या खोलीत तुझी आई बसलेली असते. कागद घेऊन लिहीत बसलो की तिला वाटतं, मी गिऱ्हाइकाची मापं उतरवतोय. शिंप्याच्या धंद्याचा एवढा तरी फायदा.

तुमच्या भांडणात मी पडणार नाही. पण एक सांगतो, तुझं बोलणं जरा जास्तच झालं. "आई, दोन चाकं बंद झालीच आहेत, पण तीन चाकांचा विचारही करू नकोस, तू पहिल्याच वळणाला उलटशील," हे तू म्हणालीस कुणाला? मोटरसायकलवर हत्यारांची पेटी बांधून, गावोगाव शिलाई मशिनी दुरुस्त करत जिनं जन्म काढला, तिला. मग तीही म्हणाली, "मला गाडी शिकवणारी अजून जन्मायची आहे, आणि जन्मली असेल तर तिनं मला पुन्हा फोन करू नये." आणि तूही एवढी शहाणी की खरंच केला नाहीस! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आपल्या घरात असे दोन सुंभ आहेत.

तिची तब्येत बरी आहे. कानाच्या डॉक्टरीणबाईंचं औषध लागू पडलंय. चक्कर आता क्वचित येते, आणि यायच्या आधी कानात घुंई सुरू होते, त्यामुळे तिला आधीच कळतं आणि ती बसून घेते. दोन चाकांची गाडी मात्र कायमची बंद. सिग्नलला नुसती उभी असताना ती गाडीसकट आडवी झाली होती, ते मी तुला सांगितलंच होतं. तीन चाकांबद्दल डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गाडी आपली आपण उभी राहत असेल तर माझी हरकत नाही, फक्त घुंई ऐकू आली की बाजूला घेऊन थांबायचं. हे आपलं सहज सांगितलं. शेजाऱ्यांच्या गाडीशी याचा काही संबंध नाही.

पाकिटावर तुझं नाव घालू नकोस. बटणांच्या कारखान्याचं वगैरे काहीतरी घाल.

बाबा


१६ मार्च

ठकू,

"शेजाऱ्याला सांगा, गाडी विकून टाक. आणि शेजाऱ्याचा कान कसा आहे, तेही कळवा." दोनच ओळी लिहिल्यास आणि माझी पार अब्रू काढलीस.

बरं, कबूल. आपल्याला शेजारी आहेच कोण? एका बाजूला छापखाना आणि दुसऱ्या बाजूला नुसती भिंत. गाडी आईची आहे. तिचीच जुनी गाडी. माझा मित्र आहे ना वेल्डर, त्यानं मागचं चाक काढून तिथे रुंद आस बसवला आणि त्याला दोन चाकं लावली. माझी परवानगी कुणी विचारली नाही, आणि विचारली असती तरी मी "हो" म्हणालो असतो. औषध सुरू झाल्यापासून ती खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकायची आणि कुठल्या गाडीत काय बिघाड आहे ते मला सांगायची. ते मला बघवत नव्हतं.

बंद पडलेल्या काचकारखान्याचं आवार तुला आठवत असेल. तिथे पहिल्यांदा चालवायची ठरली. मी नेहमीसारखा मागे बसायला गेलो तर म्हणाली, "आज नको." सरळ रस्त्यावर गाडी झकास गेली. तिनं हात वर करून आरोळीसुद्धा ठोकली. मग उजवीकडे वळायचं होतं. तिनं लग्नाआधीपासून जे केलं तेच केलं, उजव्या मुठीवर दाब दिला आणि अंग टाकलं. दोन चाकांची गाडी तेवढ्यानं उजवीकडे कलते आणि वळते. ही गाडी कलली तर नाहीच, उलट पुढचं चाक डावीकडे फिरलं आणि आई डाव्या हाताच्या कुंपणात शिरली.

तिला काही झालं नाही. बुटाला झालं. कुंपणात गाडी थांबायच्या आतच तिनं सवयीनं पाय जमिनीला टेकवला आणि गाडी तशीच पुढे सरकली, तेव्हा मागचं चाक बुटावरून गेलं.

बाहेर आल्याबरोबर तिनं वेल्डरला फैलावर घेतलं. "आस वाकडा बसवलायस!" बिचाऱ्यानं मापून दाखवला. तिनं स्वतः दोरी लावून मापला. सरळ निघाला. त्यानंतर ती त्याला काहीही बोलली नाही, आणि ठकू, मला भीती वाटली ती तेव्हा. तुझी आई भांडत असते तोवर सगळं ठीक असतं.

आता ती रोज एकटीच आवारात जाते आणि पांढरीफटक होऊन परत येते. विचारलं तर म्हणते, ऊन लागलं. परवा आभाळ भरून आलेलं असतानाही ऊन लागलं होतं. मला मागे बसू देत नाही. काय बिघडतंय ते मला कळत नाही, तिला विचारायची सोय नाही, म्हणून तुला विचारतो. चित्रं काढून समजाव. आकडे नकोत, माझी मती इंचापलीकडे जात नाही.

बाबा

ता. क. बुटाच्या आत अंगठा होता. नख काळं पडलंय, पण ती चालते.


३० मार्च

ठकू,

बटणांच्या कारखान्याचं पाकीट मिळालं. तुझी चित्रं कापायच्या टेबलावर पसरून, वर अस्तराचं कापड घालून वाचली.

तीन चाकं जमिनीला टेकतात ते तीन ठिपके जोडले की त्रिकोण होतो, आणि गाडीचा, माणसाचा, सामानाचा मिळून जो भार आहे तो या त्रिकोणाच्या आत राहिला तर गाडी उभी, बाहेर गेला तर आडवी. एवढं मला लगेच कळलं. तरी खात्री करायला तिपाई घेतली आणि तिच्यावर कळशी ठेवली. दोन पायांच्या बाजूला कळशी सरकवली तर तिपाईला काही वाटेना. एका पायाच्या बाजूला सरकवून जराशी कडेला नेली, तर तिपाई कलंडली आणि पाणी छापखान्याच्या लग्नपत्रिकांचे गठ्ठे माझ्याकडे सांभाळायला ठेवले होते त्यांच्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. तेव्हा कळलं, तू "वळणात ब्रेक मारायचा नाही" याच्याखाली दोन रेघा का ओढल्यास. ब्रेक मारला की सगळा भार पुढच्या एका चाकाकडे धावतो, तिथे त्रिकोण निमुळता असतो, आणि वळण त्याला बाजूला ढकलतच असतं. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावरच, वळणाच्या आधी. आणि सामान जितकं खाली आणि मागच्या दोन चाकांच्या मधोमध, तितकं बरं. आईनं पेटी कुठे बांधली होती माहीत आहे? सीटच्या मागे उंच फळीवर, कारण तिथून हत्यारं काढायला सोपी. मी रात्री गुपचूप ती खाली आसाजवळ बांधली. सकाळी तिनं बघितलं, दोरीची गाठ ओढून पाहिली आणि पेटी तशीच राहू दिली. हे लक्षण चांगलं की वाईट, मला कळलं नाही.

पण तुझं शेवटचं वाक्य वाचून मी विचारात पडलो. "जितका दुचाकीवाला पट्टीचा, तितकं त्याला हे शिकवणं अवघड, ज्याला दुचाकी येतच नाही, त्याला चटकन येतं." ठकू, अशी एक व्यक्ती या घरात आहे. तुझ्या आईशी लग्न केलं तेव्हापासून मी मागे बसतोय. मी दुकानात मशीन बंद पडलं म्हणून मेकॅनिक बोलावला, मेकॅनिक म्हणून ती आली, आणि त्यानंतर कुठेही जायचं तर तिच्या मागे पेटी मांडीवर घेऊन बसायचं, एवढंच माझं वाहनज्ञान. लोक हसायचे. मला कधी वाईट वाटलं नाही. मागे बसून दोन्ही बाजूंचा मुलूख बघायला मिळतो.

तर, औषध घेऊन ती दुपारी झोपते तेव्हा मी गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेतो आणि तिथे सुरू करतो. वेल्डर बरोबर असतो. त्यानं आवारात रिकामे ड्रम मांडलेत आणि त्यातल्याच एकावर बसून तो मला शिव्या घालतो. पहिल्या दिवशी मी इतक्या हळू गेलो की एक कुत्रा माझ्यापुढे चालत होता. पण जमतंय! हातगाडीचा दांडा वळवावा तसं हॅंडल वळवायचं, वळणाच्या आतल्या बाजूला अंग न्यायचं, आधीच वेग कमी करायचा. तू लिहिलंस म्हणून मुद्दाम एकदा जरा जोरात वळलो. आतलं चाक उचललं गेलं. बुडाखालून कळलं मला. हॅंडल सरळ केलं, चाक खाली आलं. नंतर मी उतरून थोडा वेळ ड्रमला टेकून उभा राहिलो. वेल्डर म्हणाला, "मास्तर, रंग आला तुम्हाला." आला नव्हता, गेला होता.

आईला यातलं काही माहीत नाही. तिला ही गाडी शिकवायचं धाडस मी करणार नाही. पण ती जे करते आहे ते मला समजावं, एवढ्यासाठी शिकतोय.

बाबा


१३ एप्रिल

ठकू,

हे पत्र घाईत आहे. वाचलंस की लगेच उत्तर टाक.

काल पकडला गेलो. ड्रमना वळसा घालत होतो, आतल्या बाजूला अर्धा लोंबकळत, आणि समोर फाटकात तुझी आई हाताची घडी घालून उभी. वेल्डर ड्रमवरून उठला, "माझं जरा काम आहे," म्हणाला आणि मागच्या भिंतीवरून उडी मारून गेला. एरवी मित्र म्हणवतो.

"अहो, हे काय चाललंय?"

"हवा खातोय."

"गाडीवर?"

"चालताना लागत नाही तेवढी."

ती हसायला लागली. इतकी हसली की फाटकाला धरून खाली बसली. मला बरं वाटलं, कारण महिनाभरात तिचं हसणं ऐकलं नव्हतं. मग डोळे पुसून म्हणाली, "ते वळण पुन्हा घ्या बघू." घेतलं. "पुन्हा." पुन्हा घेतलं. आता ती हसत नव्हती.

"तुम्हाला कसं जमतं?"

"मला दुसरं काही येतच नाही, म्हणून जमतं."

मग म्हणाली, "मी मागे बसते."

ठकू, ती माझ्या मागे कधी बसलेली नाही. बसली. पहिल्या वळणाला तिनं माझा सदरा मुठीत धरला. दुसऱ्या वळणाला माझ्या कानाशी म्हणाली, "थांबा. आली." मी थांबवली आणि वळून बघितलं, तर तोच तो पांढराफटक चेहरा.

"घुंई होतेय का?"

"नाही. आता घुंई होत नाही. आता न सांगताच येते." मग तिनं सगळंच सांगून टाकलं. पहिल्या दिवसापासून प्रत्येक वळणाला तिला चक्कर येत होती. कमरेला धरून कुणीतरी ओढून घेतंय अशी. कानात काही सूचना नाही, काही नाही. आजारानं रूप बदललंय, आता तो केव्हाही गाठेल, रस्त्यात कुणाच्या तरी पोराच्या अंगावर गाडी जाईल, असं तिनं मनाशी धरलं होतं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही, कारण त्या तीन चाकंही बंद करतील. आणि न सांगता चालवायला मन होत नव्हतं. "एकदा मागे बसून बघायचं होतं, तरीही होतं का. होतं. उद्या पेटी वरच्या गावातल्या त्या शिवणवर्गाच्या मुलीला देऊन टाकते. हात चांगला आहे तिचा."

तुझी आई रडत नाही, तुला माहीत आहे. तिनं रुमाल काढला आणि गाडीचा आरसा पुसला.

मी उगाच विचारलं, "ओढतं ते कुठल्या बाजूला?"

"बाहेर. तुम्ही उजवीकडे वळलात की डावीकडे."

"आणि डावीकडे वळलं की?"

"उजवीकडे."

"मग ते मलाही होतं की."

"काय?"

"मलाही होतं. पहिल्या दिवशी वाटलं, गाडीनं मला झटकून टाकायचं ठरवलंय. म्हणून तर असा आतल्या बाजूला लोंबकळतो. वेल्डरलाही होतं. अगं, बसमध्ये नाही का आपण सगळे एका बाजूला जात?"

"बस वेगळी."

"तिलाही चाकंच ना?"

मी बोलत सुटलो. दोन चाकांची गाडी तू स्वतः कलती करतेस, म्हणून वळणाचा सगळा ओढा सीटमध्ये खाली जातो, बाजूला लागत नाही. ही ताठ उभी असते, कलत नाही, म्हणून माणूस बाहेर फेकला जातो. तू जन्मभर मोटरसायकलवर बसलीस आणि तुला हे एकदाही लागलं नाही, कारण तू इतकं छान वळायचीस. मागे बसून मलाही कधी लागलं नाही.

"परत फिरवा," ती म्हणाली.

मी फिरवली. ती मागून बोलत होती, "आली... आली... गेली. मास्तर, गेली! पुन्हा घ्या. आली... गेली." मग एकदम माझ्या पाठीत गुद्दा घातला. "अहो, चक्कर अशी जात नसते! चक्कर आली की दिवसभर भिंत धरून बसावं लागतं. ही तर वळण संपलं की संपते!" आणखी एक गुद्दा. "महिनाभर मी मरून राहिले हो!" मग ती रडली. रडत नाही असं वर लिहिलंय ते तसंच राहू दे, खोडत बसत नाही.

घरी येईपर्यंत ती गाणं म्हणत होती. मी मात्र दुकानात शिरलो आणि कापायला घेतलेलं कापड तसंच बाजूला सारलं. ठकू, मी शिंपी आहे. "सगळ्यांना होतं" असं मी ठोकून दिलं, पण खरंच सगळ्यांना होतं ना? की मी माझ्या बायकोला खोटा धीर देऊन तिला गाडीवर चढवतोय? तुझं उत्तर येईपर्यंत गाडीची किल्ली मी बटणांच्या डब्यात लपवली आहे. हरवली म्हणून सांगितलंय. ती शोधतेय.

बाबा


२ मे

ठकू,

जीव भांड्यात पडला.

तुझं पाकीट माझ्या आधी तिच्या हाती लागलं. मी मापं घ्यायला गेलो होतो. परत आलो तर ती कापायच्या टेबलापाशी चष्मा लावून बसलेली, समोर तुझी चारही पानं. म्हणाली, "बटणांच्या कारखान्याला तुमच्या बायकोच्या कानाची फार काळजी दिसते." मी खाली बघितलं. "आणि किल्ली बटणांच्याच डब्यात सापडली." मी आणखी खाली बघितलं.

पण रागावली नाही. तू लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं तिनं मला. की होय, सगळ्यांना होतं, ताठ उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गाडीत होतं, तुमच्याकडचे निष्णात चालवणारेही पहिल्या दिवशी दचकतात. आणि तरीसुद्धा डॉक्टरांना सगळं सांगितल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही. हे वाक्य तिनं दोनदा वाचलं आणि म्हणाली, "चला." डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीत बसवून गोल फिरवलं, डोळ्यांत बॅटरी मारली, कानात कायकाय घातलं, आणि म्हणाल्या, "कान होता तसाच आहे. काही वाढलेलं नाही. घुंईची अट मात्र कायम." बाहेर येऊन आम्ही दोघांनी त्यांच्या पायरीवर बसून चहा प्यायला. इतका कडक आणि बेचव चहा होता, तरी दोन-दोन कप प्यायलो.

मग ती शिकली. भीती गेल्यावर तिला किती वेळ लागणार! वेळ लागला तो हातांना. दर वळणाला डोकं म्हणायचं हॅंडल फिरव आणि हात म्हणायचे मूठ दाब. जित्याची खोड. मी मागून ओरडायचो, "फिरव! दाबू नकोस!" आणि ती ओरडायची, "माहितीय हो!" आणि दाबायची. वेल्डर म्हणाला, हिला मूठ धरूच देऊ नका, हॅंडलला परात बांधा आणि ती फिरवायला सांगा. परात बांधली नाही, पण डोळ्यापुढे परात आणली तेव्हा जमलं. पाय खाली टेकायची सवय मोडायला तिनं दोन्ही बूट नाडीनं पाय ठेवायच्या दांड्यांना बांधून घेतले होते, ते मात्र मी लगेच सोडवले.

काल आम्ही वरच्या गावी गेलो. शिवणवर्गाच्या मशिनी बंद पडून होत्या. तिनं दिवसभर बसून त्या चालू केल्या आणि दोन मुंडकी दुकानात आणून दुरुस्त करायची म्हणून बरोबर घेतली. शिलाई मशीनचं मुंडकं म्हणजे नुसतं लोखंड. ती उंच फळीकडे नुसती बघून हसली आणि दोन्ही मुंडकी खाली, आसाला लागून, गोणपाटात गुंडाळून बांधली. मी मागे बसलो.

उतरताना पाण्याच्या टाकीचं वळण लागतं. एका अंगाला दगडी भिंत, दुसऱ्या अंगाला काही नाही. मी मागून ओरडलो नाही, दोन्ही हातांनी सीट धरून ठेवली. वळणाच्या बऱ्याच आधी, रस्ता सरळ असतानाच तिनं ब्रेक लावला. गाडी इतकी हळू झाली की मला जरा संकोच वाटला. मग ब्रेक सोडला, हॅंडल फिरवलं, आम्ही दोघंही आतल्या बाजूला सरकलो. आणि मध्यावर आलो तेव्हा समोरून वाळूचा ट्रक, अर्धा आमच्या बाजूला.

मी तिच्या हातांकडे बघितलं. बोटं ब्रेकच्या दांडीवर गेली, तिथे थांबली आणि परत मुठीवर आली. तिनं ब्रेक मारला नाही. भिंतीला धरून, तशीच हळू, वळत राहिली. ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला, आम्ही त्याच्या चाकांची धूळ खाल्ली आणि वळण संपलं.

बस. एवढंच झालं. म्हणजे ठकू, काहीच झालं नाही! काही झालं नाही हे सांगायला मी इतकं लिहिलं, कारण तो ट्रक पुढच्या काचेसकट अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

खाली सपाटीवर तिनं गाडी बाजूला घेतली.

"आतलं चाक उचललं होतं?"

"नाही."

"खरं सांगा."

"मी दुसरीकडे बघतच नव्हतो. जमिनीला चिकटून होतं."

तिनं हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटले होते. हेल्मेट मांडीवर ठेवून म्हणाली, "आपण जोरात आलो असतो तर?" मी म्हणालो, "आलो नव्हतो." ती म्हणाली, "तेच म्हणतेय. पोरीनं दोन रेघा ओढल्या होत्या तिथे." आणि थोड्या वेळानं, "तिला कळवा."

"मी नाही. तूच कळव."

रात्रीपासून कागद घेऊन बसली आहे. मला वाटतं, ती मापं उतरवतेय.

बाबा


४ मे

ठकू,

मला पत्र लिहिता येत नाही. तुझ्या बाबांसारखं पाल्हाळ तर अजिबात नाही.

तू म्हणालीस पहिल्याच वळणाला उलटशील. मी उलटले नाही, कुंपणात गेले. तेव्हा तुझं निम्मं बरोबर. बाकी जे लिहिलंस ते सगळं बरोबर. टाकीच्या वळणावर बोटं ब्रेकवर गेली होती, तुझी चित्रं बघितली नसती तर मी तो मारला असता. मागे तुझे बाबा होते. याच्यावर मी जास्त लिहीत नाही.

फोन आपटला, कारण मला वाटलं होतं तू बरोबर असशील. तू चुकीचं बोलली असतीस तर मी हसून सोडून दिलं असतं. आधीच खिडकीत बसून होते, त्यात तू म्हणालीस नाही जमणार. माझं चुकलं. एवढं सरळ मी तुझ्या बाबांनाही कधी म्हटलेलं नाही, त्यांना दाखवू नकोस.

कान ठीक आहे. अंगठा ठीक आहे. नख गळून नवं येतंय.

आता माझं काम. तुमच्याकडे शिकायला माणसं येतात तशी इथे तीन माणसं माझ्याकडे आली आहेत. वेल्डरनं त्यांच्यासाठी गाड्या केल्या. एकाचा पाय आखूड आहे, दोघं वयस्कर. तिघंही जन्मभर दुचाकीवर बसलेले, म्हणजे तिघंही कुंपणात जाणार. मी शिकवीन म्हणाले, पण कसं शिकवायचं ते मला नीट येत नाही. मला आपलं माझ्यापुरतं येतं. तू सुट्टी काढून ये आणि मला दाखव.

गाडी स्टेशनवर किती वाजता येते ते कळव. मी घ्यायला येईन. तुझे बाबा येणार नाहीत, तुझ्यासाठी जागा हवी. पिशवी लहान आण, ती खाली बांधू. स्टेशनपासून घरापर्यंत नऊ वळणं आहेत. कुठे चुकले तर मागून ओरड.

मी ऐकेन.

आई